टायटेनियमचा कट: थेंबभर तेल, उणे तापमान आणि आपला गाळा

रबाळे एमआयडीसीत आमचा गाळा आहे. दोन सीएनसी लेथ (टर्निंग: जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवून कापायचं), एक व्हीएमसी (मिलिंग: टूल फिरवून कापायचं), माळ्यावर कॉम्प्रेसर. बरीच वर्षं ईएन-८ (साधं कार्बन स्टील) आणि एसएसवर (स्टेनलेस स्टील) पोट भरलं. मग एका गिऱ्हाइकाने ग्रेड ५ टायटेनियमच्या रिंगांचं काम आणलं. रेट बघून आम्ही हुरळलो आणि पहिल्याच शिफ्टमध्ये दहा इन्सर्टचा (टूलच्या टोकाला बसवायची बदलती पाती) अख्खा डबा संपवला. त्यानंतर पुढचं वर्ष-दीड वर्ष मिनिमम क्वांटिटी लुब्रिकेशन (थेंबभर तेल हवेबरोबर कडेवर; आम्ही एमक्यूएल म्हणतो), कार्बन डायऑक्साइडचा फवारा आणि शेवटी द्रव नायट्रोजन असा प्रवास झाला. पैसे गेले, काही पार्ट भंगारात गेले, एकदा बादलीत बुराही (कापलेल्या धातूचा चुरा) पेटला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा वागळे इस्टेटमध्ये कुणी नव्याने हे काम हातात घेत असेल, तर त्याचे तरी थोडे पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. तेल घर्षण कमी करतं आणि थंडी उष्णता ओढून घेते. एकाचं काम दुसरं करत नाही. त्यामुळे "क्रायोजेनिक (अतिथंड गॅस) लावू का?" असं विचारायच्या आधी आपला इन्सर्ट नक्की कशाने मरतोय ते बघा. आम्ही ते शेवटी बघितलं, तुम्ही सुरुवातीला बघा.

१. हा धातू असा का वागतो

ग्रेड ५ म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम आणि बाकी टायटेनियम. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या कार्बन स्टीलच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी. स्टील कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर (कापून निघणारी धातूची साल) निघून जाते. इथे ती जॉबमध्येही पसरत नाही आणि चिपमध्येही फारशी जात नाही. मोठा हिस्सा, सुमारे ८० टक्क्यांपर्यंत, टूलच्या टोकाशी साचतो. त्यात चिपचा रेक फेसशी (इन्सर्टच्या ज्या पृष्ठावरून चिप घसरते तो) संपर्क अगदी आखूड, म्हणजे ही सगळी आग कडेच्या चिंचोळ्या पट्टीत.

दुसरी खोड: तापलं की टायटेनियम टूलला चिकटतं. कार्बाइडमधले (इन्सर्ट ज्याचा बनतो तो कठीण पदार्थ) कण उचलून नेतं आणि रेक फेसवर खड्डा पाडतं. तिसरी खोड लवचीकपणाची. स्टीलच्या मानाने हा धातू जवळपास दुप्पट वाकतो, त्यामुळे पातळ भिंतीचा जॉब टूलपुढे मागे सरतो आणि टूल गेलं की परत येतो. या तिसऱ्या खोडीवर तेल किंवा थंडी काहीच करू शकत नाही. तिथे पकड आणि धारदार इन्सर्टच कामाला येतात.

२. आधी साधं कूलंट नीट करा

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. पण आमच्या पहिल्या शिफ्टचा निम्मा सत्यानाश कूलंटमुळे (कटवर सोडायचं पाणी-तेलाचं मिश्रण) झालाच नव्हता, तो चुकीच्या स्पीडमुळे झाला होता. ईएन-८ च्या सवयीने सेटरने १५० मीटर प्रतिमिनिटाचा कटिंग स्पीड ठेवला. टायटेनियमला कार्बाइडने रफिंगमध्ये (सुरुवातीच्या जाड कटांत) ४० ते ६० मीटर प्रतिमिनिट एवढ्यातच सुरुवात करायची. हिशेब सोपा आहे: ४० मिमीचा बार, ५० मीटरचा स्पीड, तर सुमारे ४०० आरपीएम. ऐकून ऑपरेटर हसतो. हसू द्या.

एवढं करून घ्या:

- इन्सर्ट बारीक दाण्याच्या कार्बाइडचा, पॉझिटिव्ह रेकचा (सहज कापणाऱ्या कोनाचा), धारदार कडेचा. कोटिंग नसलेला किंवा पातळ पीव्हीडी कोटिंगचा (वाफेतून चढवलेला थर) घ्या. जाड कोटिंगची कड गोलसर असते. ती कापण्याऐवजी घासते.
- फीड (दर फेऱ्याला टूल किती पुढे सरतं ते) फार कमी करू नका. ०.१ ते ०.२ मिमी प्रतिफेरा ठीक. "फिनिश चांगलं येईल" म्हणून ०.०३ वर आणलंत, तर टूल नुसतं घासत राहील आणि घासणं म्हणजे उष्णता.
- कटमध्ये टूल थांबवू नका. प्रोग्रॅममध्ये ड्वेल (जागच्या जागी थांबा) असेल तर काढा.
- फोर्जिंग (ठोकून घडवलेला तुकडा) असेल, तर पहिला कट वरच्या काळ्या, कडक सालीच्या खालून घ्या. सालीवरून टूल फिरवलंत, तर कटच्या रेषेवर इन्सर्टला खाच पडते.
- मिलिंगमध्ये क्लाइंब पद्धत ठेवा: चिप जाड सुरू होऊन पातळ संपली पाहिजे.
- कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यात तेल किती ते दाखवणारं उपकरण) तपासा, बोटाने नाही.

हे सगळं करून एका कडेवर किती जॉब निघतात ते वहीत लिहा. हा आकडा नसेल, तर पुढे कुठलंही यंत्र विकत घेतलं तरी फायदा झाला की नाही ते कळणार नाही. विक्रेता मात्र "फायदा झाला" असंच सांगेल.

३. इन्सर्टचं पोस्टमॉर्टेम

दीड-दोन हजारांत लॅपटॉपला जोडायचा सूक्ष्मदर्शक मिळतो. नागदेवीत टूल घ्यायला जाल तेव्हा तोही घेऊन या. वापरलेली प्रत्येक कड फेकण्याआधी त्याखाली धरा.

फ्लँकवर (कडेखालची, जॉबकडची बाजू) सरळ, एकसारखी झीज असेल, तर टूल आपलं आयुष्य जगून गेलं. ०.३ मिमी ही त्याची नेहमीची मर्यादा. रेक फेसवर कडेच्या मागे खड्डा असेल, तर ते उष्णतेचं काम. तिथे थंडीचा उपयोग होईल. कडेवर चांदीसारखा चकाकता थर चिकटलाय आणि शेजारची कड टवका उडाल्यासारखी तुटलीये? मग धातू चिकटतोय आणि उचकटताना कार्बाइड घेऊन जातोय. तिथे आधी तेल. कडेला काटकोनात बारीक भेगा असतील आणि काम मिलिंगचं असेल, तर इन्सर्ट गरम-गार, गरम-गार होऊन थकलाय. तिथे अजून थंडी लावलीत, तर आगीतून फुफाट्यात.

आमच्या रिंगांच्या टर्निंगमध्ये खड्डा होता. व्हीएमसीवरच्या ब्रॅकेटांमध्ये टवके होते. एकाच गिऱ्हाइकाचं, एकाच धातूचं काम, पण औषध वेगळं. हे कळायला आम्हाला आठ महिने लागले. तोवर दोन्ही यंत्रांवर एकच उपाय करत बसलो होतो.

४. एमक्यूएल: तासाला दोन-तीन चमचे तेल

फ्लडमध्ये (नेहमीची कूलंटची धार) मिनिटाला अनेक लिटर कूलंट वाहतं. एमक्यूएलमध्ये तासाला १० ते ५० मिली तेल, ४ ते ६ बारच्या हवेबरोबर, थेट कडेवर. तेल साधं कटिंग ऑइल नाही. एस्टरवर्गीय, बहुतेकदा वनस्पतीजन्य तेलापासून बनवलेलं. ते धातूला धरून राहतं, धूर कमी करतं आणि पाण्यात मिसळून वापरायचं नसतं. आमच्याकडे रात्रपाळीच्या पोराने सवयीने त्यात पाणी ओतलं होतं. डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सर्वात मोठा सापळा म्हणजे आपल्याकडची हवा. खाडी शेजारी आहे. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीतून पाणी धो-धो निघतं. हवेत पाणी असेल तर तेलाचा थर बसत नाही, नोझल थुंकल्यासारखं करतं आणि मशिनच्या बेडवर गंज चढतो. एमक्यूएल किटच्या आधी एअर ड्रायर घ्या. बजेट एकाचंच असेल तर ड्रायरच घ्या. किट पुढच्या महिन्यात.

बसवताना:

नोझल कडेपासून २० ते ४० मिमीवर. फवारा चिपच्या पाठीवर न पडता चिप आणि रेक फेसच्या फटीत किंवा खालून फ्लँकवर जायला हवा. चिप जिकडे वळते तिकडून मारलंत, तर चिप छत्रीसारखी आड येते. मशिन बंद ठेवून नोझलपुढे साधा कागद पाच सेकंद धरा. एकसारखा ओलसर डाग आला पाहिजे. थेंब ओघळले तर तेल जास्त. दिवसाचा खप औषधाच्या सिरिंजने मोजा: सकाळी सिरिंजने टाकी खुणेपर्यंत भरा, संध्याकाळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत किती मिली लागले ते बघा. पंपावरचे आकडे मी आता मानत नाही.

कुठे चालतं: व्हीएमसीवर हलका रेडियल कट (टूल बाजूने थोडंच आत घेतलेला), फिनिशिंग, टॅपिंग. आमचे ब्रॅकेटांचे टवके याने थांबले. कुठे चालत नाही: लांब, सलग रफ टर्निंग. हवेच्या झोताने उष्णता जाते ती नावाला. खोल भोकांतही बाहेरून मारलेलं तेल टोकापर्यंत पोचतच नाही. ड्रिलमधून आतून तेल जायची सोय नसेल, तर भोकांसाठी फ्लडच ठेवा. त्यात कमीपणा नाही.

आणि धुकं. डोळ्याला दिसत नाही म्हणून नाही असं नव्हे. दरवाजे बंद ठेवून कट घ्या, मशिनला मिस्ट कलेक्टर लावा. आमच्या मिस्त्रींना दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. ते म्हणाले, "शेठ, हे तेल पोटात गेलं तर भजी तळल्यासारखं वाटतंय." त्यांना हसू येत होतं, मला नाही. कलेक्टर त्याच आठवड्यात आला.

५. थंडीच हवी असेल तर कुठली?

लहान गाळ्यासाठी दोनच पर्याय.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो. ड्यूअरमध्ये येतो (मोठा थर्मासच तो), नळी व्हॅक्यूम जॅकेटची लागते आणि वापरा न वापरा, रोज थोडा उडून जातो. शुक्रवारी भरून सोमवारी वापरू म्हणालात, तर काही भाग आकाशाला गेलेला असतो.

कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रव असतो, २० अंशाला सुमारे ५७ बार. नळीत तो खोलीच्या तापमानालाच राहतो. नोझलमधून बाहेर पडताना प्रसरण पावून एकदम थंड होतो आणि उणे ७८ अंशाचा बर्फाचा भुगा बनतो. नळीला इन्सुलेशन नको, उच्च दाब सोसणारी बारीक नळी पुरते. वापर नसताना वाया जात नाही. महिन्यातून आठ-दहा दिवसच टायटेनियम करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

पण सिलिंडर सायफन नळीचा (आत तळापर्यंत नळी असलेला) मागा. साध्या सिलिंडरमधून वरचा वायू येतो, द्रव नाही. आमच्या गॅसवाल्याने पहिल्यांदा साधाच पाठवला, वर "सगळे सारखेच असतात" असंही सांगितलं.

आता मे महिन्याची गोष्ट. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही, दाब कितीही असो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला सिलिंडरला हात लावला तर गरम. सकाळी छान पांढरा भुगा मारणारं नोझल दुपारी नुसतं फुसफुसायला लागलं. दोन दिवस आम्ही नोझल उघडून साफ करत बसलो. दोष नोझलचा नव्हताच, उन्हाचा होता. आता सिलिंडर उत्तरेच्या भिंतीशी सावलीत साखळीने बांधलेले असतात, उन्हाळ्यात त्यांवर ओलं गोणपाट असतं आणि एप्रिल-मेमध्ये टायटेनियम सकाळच्या पाळीतच लागतं.

दुसरी खोड अशी की नोझलच्या आधीच कुठे दाब ५ बारच्या खाली गेला, तर नळीतच कोरडा बर्फ होऊन ती तुंबते. म्हणून प्रवाह आवळायचा तो फक्त शेवटी, नोझलशी. मध्ये अर्धवट उघडा व्हॉल्व्ह ठेवू नका, एकतर पूर्ण उघडा नाहीतर बंद.

६. गाळ्यातली हवा मोजा. हे वगळू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या चुका पैशाच्या आहेत आणि ही माणसाच्या जिवाची.

समजा गाळा १० बाय १२ मीटर, उंची ५. म्हणजे ६०० घनमीटर हवा. नायट्रोजनचा खप मिनिटाला ०.८ लिटर धरा. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, म्हणजे तासाला सुमारे ३३ घनमीटर. शटर आणि खिडक्या बंद असतील, तर २०.९ टक्क्यांचा ऑक्सिजन सव्वा तासात १९.५ च्या खाली येतो. त्याखाली हवा धोक्याची मानतात. १८० लिटरचा ड्यूअर आडवा पडून सगळा सांडला, तर तो १७ टक्क्यांवर, तोही सरासरी. जमिनीलगत आणि मशिनच्या खड्ड्यात त्याहून कितीतरी कमी, कारण थंड वायू जड असतो आणि खाली बसतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. दिसतं ते पांढरं धुकं हवेतल्या बाष्पाचं असतं; वायू त्या धुक्याच्या बाहेरही पसरलेला असतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, तो सरळ कोसळतो. आणि त्याला उचलायला धावलेला दुसराही.

आता कार्बन डायऑक्साइड. मिनिटाला ०.३ किलो धरा. तासाला साधारण १० घनमीटर वायू. नायट्रोजनच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण हा वायू स्वतःच बाधतो. आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ०.५ टक्के, म्हणजे या गाळ्यात ३ घनमीटर. बंद गाळ्यात ती अठरा मिनिटांत गाठली जाते! आणि तेव्हा ऑक्सिजन मीटर काय दाखवतो? २०.८. सगळं ठीक. म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्याने ऑक्सिजन मीटरच्या भरवशावर राहू नये, त्याचा वेगळा मीटर लागतो. हा हिशेब एका रविवारी मी घरी कागदावर केला आणि सोमवारी शटरच्या वर एक्झॉस्ट पंखा लावायला माणूस बोलावला.

पंखा वरून ओढणारा पुरत नाही, जमिनीलगतची हवाही बाहेर गेली पाहिजे. मीटर गुडघ्याच्या उंचीवर एक आणि ऑपरेटरच्या तोंडाच्या उंचीवर एक. पंखा बंद असेल तर गॅसचा व्हॉल्व्ह उघडणारच नाही असं इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या. वीज गेली की दोन्ही बंद.

ज्यांचा गाळा वरच्या मजल्यावर आहे त्यांच्यासाठी: ड्यूअर माल-लिफ्टमधून नेताना आत माणूस नको. खाली एकाने ठेवायचा, वर दुसऱ्याने घ्यायचा, मधल्या मजल्यावर कुणी शिरू नये म्हणून पाटी. लिफ्ट अडकली तर त्या डब्यात हवा किती असते याचा विचार करा.

७. नायट्रोजनची जोडणी

हे काम स्वतः करू नका. मीही केलं नाही. पण करणाऱ्यावर लक्ष ठेवायला एवढं ठाऊक हवं:

नळ्या आणि फिटिंग एसएस ३०४, तांबं किंवा पितळ; सील टेफ्लॉनची. साधं कार्बन स्टील या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं, रबराचं वायसर टणक होऊन तडकतं. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकू शकेल अशा प्रत्येक तुकड्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. अडकलेला द्रव तापला की त्याला सातशेपट जागा हवी असते आणि ती तो मिळवतोच. उघड्या थंड नळीवर हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन टपकू शकतो, म्हणून खाली तेलकट बुरा किंवा पुसायची फडकी नकोत. स्पिंडलमधून नायट्रोजन सोडायचा विचार जुन्या मशिनवर करू नका. रोटरी युनियन (फिरत्या स्पिंडलला नळी जोडणारा सांधा) आणि बेअरिंग त्यासाठी बनलेले नसतात. बाहेरून नोझल, बस्स.

आधीच्या कूलंटचा थेंबही चकवर (लेथची जॉब धरणारी पकड) राहू देऊ नका. चकच्या जबड्यांच्या खाचेत पाणी गोठलं, तर पकड ढळते.

तेल आणि थंडी दोन्ही हवी असतील तर नोझल दोन, दिशा दोन. आमच्याकडे तेल रेक फेसकडे, नायट्रोजन फ्लँककडे. एकाच ठिकाणी मारलंत तर तेल वाटेतच गोठून मेणासारखं होतं.

८. पहिला थंड कट

हातात सैलसर क्रायो ग्लोव्ह (आत द्रव गेला तर झटकून काढता यावेत), चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, पँट बुटाच्या बाहेरून. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. त्वचेला लागलंच तर चोळू नका. कोमट पाणी आणि डॉक्टर.

व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली काही मिनिटं फक्त वायू येतो, मग थुंकतो, मग एकसंध धार लागते. धार लागेपर्यंत कट सुरू करू नका. आमचा ऑपरेटर घाई करायचा आणि पहिला इन्सर्ट दरवेळी जायचा.

फवारा टूलवर मारा, जॉबवर नाही. टायटेनियम थंड झालं की अधिक कडक होतं. जॉबच गार केलात तर कापायला जोर जास्त लागतो. स्पीड आधी जुनाच ठेवा. एका कडेवर किती जॉब निघतात ते बघा, मग दहा-दहा टक्क्यांनी वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

खपाचाही हिशेब धरा. ०.८ लिटरने १८० लिटरचा ड्यूअर पावणेचार तास चालतो, तोही नळी गार करण्यात आणि उडून जाण्यात काही गेलं नाही असं मानून. वाचलेले इन्सर्ट आणि वाढलेले जॉब यांतून एवढा गॅस सुटत नसेल, तर थांबा. आमच्या रिंगांना सुटला, ब्रॅकेटांना नाही. ब्रॅकेट आजही एमक्यूएलवर आहेत.

९. मोजायची घाई नको

६० मिमीचा बोअर (आतलं भोक). टॉलरन्स अधिक ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), उणे शून्य. यंत्रातून काढला, लगेच मोजला, अधिक १८. मस्त. पॅक. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या तपासणीत अधिक ४४!

जॉब तेव्हा खोलीपेक्षा ५० अंश गार होता. ६० मिमीवर टायटेनियम तेवढ्या फरकात २६ मायक्रॉन आकसतं. गार असताना बोअर लहान दिसला, खोलीच्या तापमानाला येऊन मोठा झाला. बाहेरचा व्यास असता तर पुन्हा एक कट घेता आला असता, बोअरला धातू परत कुठून लावणार? आता जॉब ॲल्युमिनियमच्या जाड पाटावर ठेवतो, बाष्प पुसतो आणि मास्टर रिंगच्या (गेज जुळवायची अचूक मापाची रिंग) तापमानाला आल्यावरच बोअर गेज आत घालतो.

१०. आग

एमक्यूएलवर बुरा जवळपास कोरडा निघतो. कापूस-पातळ टायटेनियमचा बुरा, त्यावर बोथट टूलची एक ठिणगी, झालं. आमची बादली पेटली तेव्हा कुणीतरी पाण्याचा पाइप घेऊन धावलं. मिस्त्रींनी त्याचा हात धरला म्हणून बरं. पेटलेल्या टायटेनियमवर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटतो आणि भडका उडतो. कार्बन डायऑक्साइडचा लाल सिलिंडरही चालत नाही, आणि नायट्रोजन शेजारीच आहे म्हणून तोही ओतू नका; हा धातू पेटल्यावर नायट्रोजनमध्येही जळतो. पूर्ण कोरडी वाळू, झाकणाच्या पिंपात, प्रत्येक मशिनजवळ, किंवा धातूच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक. पावसाळ्यात पत्रा गळून वाळू भिजत नाही ना, ते दर सोमवारी हात घालून बघा.

११. फाइलमध्ये काय हवं

- मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबरसह (धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक). कीका स्ट्रीटवरून सुटा तुकडा स्वस्तात मिळतो, पण कागद नसेल तर तो सरावासाठीच वापरा.
- गिऱ्हाइकाची लेखी परवानगी. विमान किंवा इम्प्लांटचं काम असेल, तर कूलंट बदलणं म्हणजे प्रोसेस बदलणं. तेलात क्लोरीन चालत नाही असं बऱ्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं. बारीक अक्षर वाचा.
- तेल आणि गॅस दोन्हींची सुरक्षा माहितीपत्रकं, मराठीत एक पान करून भिंतीवर.
- सिलिंडर आणि ड्यूअरचे चाचणीचे दाखले. दाबाखालचे सिलिंडर आणि टाक्या हा विषय नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) अखत्यारीत येतो. १००० लिटरच्या वरची कायमची टाकी बसवायची असेल, तर नियम वेगळे लागतात. पुरवठादाराकडून हे सगळं लेखी घ्या.
- प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात वापरलेल्या तेलाचा उल्लेख आणि ते कुणाला दिलं त्याच्या पावत्या.
- आपल्या भागातल्या अग्निशमन केंद्राला एक पत्र: गाळ्यात टायटेनियमचा बुरा आणि द्रव नायट्रोजन आहे. गाडी आली तर पाणी मारू नये हे त्यांना आधी ठाऊक असावं.

१२. बुरा विकताना

टायटेनियमचा बुरा एसएसच्या पिंपात गेला की त्याला एसएसचाही भाव येत नाही. वेगळं, कोरडं, झाकणाचं लोखंडी पिंप ठेवा, ग्रेड लिहा, ग्राइंडरची धूळ त्यात टाकू नका. एमक्यूएलचा बुरा तेलाचा हलका हात फिरवल्यासारखा असतो, कूलंटने चिंब नसतो. आमच्या भंगारवाल्याने पहिल्यांदा तो मुठीत घेऊन दाबला, तळहात बघितला आणि न घासाघीस करता भाव वाढवून दिला. गाळ्यात हे पहिल्यांदाच घडलं.